कावड टेकली तिथून

या, जरा पुढं सरकून बसा. बुवांचा चहा चाललाय, पेटीवाल्याला अजून सूर सापडायचाय, आणि एकदा टाळ सुरू झाले की आपल्याला कोण बोलू देतंय! तोवर एक गोष्ट ऐका. कीर्तनात आख्यान लागतं ते राजांचं नाहीतर ऋषींचं. हे आमच्या वाडीतल्या आप्पासोंचं आहे, गेल्या चैत्रातलं. मी स्वतः त्या दिवशी बरोबर नव्हतो. मला सांगितलं त्यांच्या सुनेनं, राणीनं. राणी खोटं बोलत नाही, फार तर हसत हसत सांगते. ऐकून उठाल तेव्हा मन थोडं हलकं झालेलं असेल, एवढं कबूल करतो.

आमची वाडी आटपाडीच्या पल्याड, कुसळांच्या माळावर. आता डाळिंबं आली, पाटाचं पाणी आलं, पण आम्ही मूळचे मेंढरांमागचे. वाडीची एक कावड आहे. वेळूच्या दोन्ही टोकांना शिंकाळ्यात एकेक तांब्याची घागर, मधोमध पताका, पताकेला मोरपीस. चैत्रात ती साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर न्यायची, कृष्णेचं पाणी भरायचं आणि तिथून चालत शिखर शिंगणापूरला जाऊन द्वादशीला महादेवाच्या पिंडीवर घालायचं. गंमत बघा, शिंगणापूर आम्हाला जवळ आणि माहुली लांब. म्हणजे देवाला ओलांडून पुढं जायचं आणि मग पायी त्याच्याकडं मागं यायचं. बाहेरचा माणूस ऐकून हसतो. आम्ही म्हणतो, अहो, रिकाम्या हातानं जायचं का देवाकडं?

या कावडीचा एक नेम आहे. वाडीच्या देवळातून उचलली की शिखरावर पोचेपर्यंत ती भुईला टेकवायची नाही. रिकामी असली तरी नाही. खांद्यावरून खांद्यावर जाईल, झाडाच्या फांदीला टांगली जाईल, पण जमिनीला लागायची नाही. लागली तर वाडीत माघारी जायचं, देवाचा भंडारा लावून पुन्हा उचलायची. आणि ज्यानं टेकवली त्यानं त्या साली तिला खांदा द्यायचा नाही.

आप्पासोंनी हा नेम उभ्या हयातीत मोडला नव्हता. पण सत्तरी आली, उजव्या गुडघ्यानं दगा दिला. कावडीला आता नवा खांदा हवा होता. तो कुणाचा असावा हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं: त्यांच्या एकुलत्या एक धनाजीचा. धनाजी आमच्याकडच्या पुष्कळ पोरांसारखा गलाईच्या धंद्यात, खाली तमिळ मुलखात सोनं गाळायच्या दुकानावर. बायको राणी वाडीतच. तो चार दिवस सुट्टीला आला होता आणि आल्या आल्याच त्यानं सांगून टाकलं, "आप्पा, संगमापतुर येतो. तिथनं रातच्या गाडीनं मी दुकानावर जाणार. तिकीट काढलंय."

आप्पासो "बरं" म्हणाले. "राहा" म्हणाले नाहीत. खांदा मागून घ्यायचा नसतो, असं त्यांचं मत. पण थोरल्या बहिणीजवळ, हरणाबाईजवळ, ते बोलून गेले होते, "आक्का, पोरगं औंदा कावडीला लागलं तर लागलं. न्हाईतर पुढल्या साली ती देवळाच्या आढ्याला टांगायची. माझ्यानं आता हुईत न्हाई."

वाडीतले बाकीचे गडी दहिवडीत येऊन मिळणार होते. म्हणजे धनाजी गेल्यावर संगमापासून दहिवडीपर्यंत आप्पासो एकटेच, त्या गुडघ्यावर.

तर निघाली चौघं. आप्पासो, हरणाबाई, धनाजी, राणी. गाडी लालासाहेबाची, माणसं भरून भाडं मारायची वडापची जीप. पहाटे यायची ती उन्हं वर आल्यावर आली, आणि आली तर कावड आत मावेना. आडवी धरली तर दोन्ही खिडक्यांतून बाहेर.

"टपावर बांधू की," लालासाहेब म्हणाला.

"टपाला खांदा हाय व्हय?" आप्पासोंनी विचारलं.

शेवटी मागचं दार दोरीनं उघडं बांधलं आणि कावड लांबट धरली. तीही खांद्यावरच. म्हणजे जीपमध्ये बसायचं, घागरी सांभाळायच्या, मान वाकडी करायची आणि खड्डा आला की वेळू कानाला घासून घ्यायचा. पहिली पाळी धनाजीची.

"खांदा वर घे रं. कळशी आणल्यागत काय धरलीयास?"

"आप्पा, डोकं लागतंय छताला."

"मग डोकं खाली घे. कावडीला खांदा लागतो, डोकं न्हाई लागत."

"म्हनून तर बानं तुझ्याकडं दिली ती," हरणाबाई मागून म्हणाल्या.

हरणाबाईंचं असं आहे, कपाळ मोकळं आणि तोंड त्याहून मोकळं. राणी पदर तोंडाला लावून हसली. लालासाहेब तर इतका हसला की गाडी रस्त्याच्या कडेला गेली आणि आप्पासोंनी त्यालाही दोन शब्द ऐकवले.

पुसेगाव मागं पडलं. वर्धनगडाच्या घाटाच्या तोंडाशी जीपनं खोकल्यासारखं केलं आणि पुढून भसाभसा वाफ यायला लागली. लालासाहेबानं उतरून झाकण उघडलं.

"पानी संपलंय. आप्पा, त्या घागरी द्या हिकडं. खालच्या हिरीवरनं भरून आनतो."

"ह्या घागरीत पयलं पानी किष्णामाईचं. तुझ्या इंजनाचं न्हवं."

"आवं, इंजनबी देवाच्याच कामाला लागलंय की!"

"मग देवालाच सांग पानी आनाया."

हरणाबाईंनी तेवढ्यात आभाळाकडं तोंड केलंच. शिंगणापूरच्या महादेवाला आमच्याकडं म्हाद्या म्हणतात आणि कावड जड झाली की त्याच्याशी भांडतातही. लेकरू आईशी भांडतं, तसंच. "म्हाद्या, ऐकतूयास न्हवं? तुझ्यासाठनं आलो आन् तूच आमची गाडी फोडलीस? पानी पायजे का नगं तुला? का बसतूस उनात तसाच वाळत?"

लालासाहेब बाटल्या घेऊन गेला, पाणी घेऊन आला, ओतलं, आणि ते सगळंच्या सगळं खालून वाहून गेलं. रबरी नळी फाटली होती. ती मिळणार पुसेगावला. तो एका मोटरसायकलीवर बसून माघारी गेला. जाताना म्हणाला, "हितंच थांबा, आत्ता येतो." त्याचा ‘आत्ता’ आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

थोडा वेळ थांबले. मग आप्पासो म्हणाले, घाट उतरू, खाली कोरेगावकडं जाणारं काहीतरी मिळेल. उतरले. पण कावड बघून कुणी थांबेना. एक टेंपो थांबला, ड्रायव्हरनं वेळूची लांबी बघितली, हात जोडले आणि गेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. धनाजी दर वळणावर मोबाईल काढून बघायचा. आप्पासोंना ते दिसत होतं. घाट संपता संपता त्यांनी हात पुढं केला.

"दे, माझी पाळी."

"आप्पा, गुडघा—"

"गुडघा माझा हाय. दे."

घाटाखाली रस्त्याच्या कडेनं मेंढरं चालली होती. आपल्याच बाजूची माणसं ती, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन इकडं ओलिताला येतात, लोकांच्या रानात बसवतात, पाऊस लागायच्या आधी माघारी जातात. मेंढरं पुढं गेलेली. एक मात्र मागं, बाभळीखाली आडवी पडलेली, आणि तिच्याजवळ एक तरणी पोर बसलेली, रडवेली झालेली. मेंढी अडली होती. कोकराचं तोंड दिसत होतं, एक पाय दिसत होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

राणी सांगते, मामंजी ‘थांबा’ पण म्हणाले नाहीत. ती मागं वळून हरणाबाई आत्तींना हात देत होती, पुन्हा पुढं बघते तर आप्पासो बाभळीखाली गुडघे टेकून बसलेले. तोच गुडघा, जो जिन्याच्या एका पायरीला कुरकुरायचा.

"पाय मुडपलाय आत. पोरी, तोंड धर तिचं. धनाजी, पानी वत हातावर. आरं, वत की!"

धनाजीनं बाटलीतलं पाणी ओतलं. आप्पासोंनी कोकराचं तोंड हलकेच मागं सारलं, बोटं आत घातली, डोळे मिटले. असे डोळे ते फक्त कीर्तनात मिटतात. मग आतला खूर तळहातात झाकून, मेंढीला लागू नये असा, बाहेर काढला. दोन्ही पाय हाताला लागल्यावर पुढचं काम मेंढीनंच केलं.

पण कोकरू हलेना. आप्पासोंनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. काही नाही. मग मागचे पाय धरून त्याला झोका दिला, एकदा, दोनदा. धनाजीनं पुढं होऊन न सांगता अंगावरच्या टॉवेलनं त्याची छाती चोळायला घेतली. सोनं गाळणारे हात, पण लहानपणी शिकलेलं कुठं जातंय? कोकरू शिंकलं. मग ओरडलं. मेंढीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली आणि ती पोर एकदम हसायला लागली.

"जगलं गं!" आप्पासो म्हणाले. "लय गुणाचं हाय."

आणि उठायला म्हणून त्यांनी खांद्याकडं हात नेला. खांदा मोकळा होता.

कावड रस्त्याच्या कडेला फुफाट्यात पडली होती. वेळू आडवा, पताका मातीत, एक घागर शिंकाळ्यातून निसटून बाभळीच्या बुंध्याला जाऊन टेकलेली. कुणी पाडली नव्हती. त्यांनीच ठेवली होती, स्वतःच्या हातानं, आणि ठेवल्याचं त्यांना आठवतही नव्हतं.

 राणी म्हणते, तिला वाटलं आता नवरा काहीतरी बोलणार. सकाळपासून ‘खांदा वर घे, मान खाली घे’ ऐकून घेतलं होतं ना धनाजीनं. पण तो बापाच्या चेहऱ्याकडं बघून खाली बघत राहिला.

"चला माघारी," आप्पासो म्हणाले.

"माघारी गेलो तर द्वादशी चुकंल, आप्पा," हरणाबाई म्हणाल्या.

"चुकंल. काय करायचं? नेम मोडला." त्यांनी कोरेगावच्या रस्त्याकडं हात केला. "धनाजी, तू जा पुढं. तुझी गाडी हाय रातची. आमी तिघं जातो वाडीला. कावड आढ्याला टांगतो. एवढीच हुती म्हनायचं ती."

आणि बसले. सत्तर वर्षांचा माणूस, हाताला मेंढीची वार लागलेली, डोक्यावर टळटळीत ऊन, आणि पोराच्या तोंडाकडं बघायची सोय नाही. ज्यासाठी एवढा आटापिटा केला तेच आपल्या हातानं मातीत घातलं, असं त्यांना झालं.

एव्हाना ती पोर कोकरू उचलून पलीकडच्या रानात पळत गेली होती, सासूला सांगायला. त्यांचा वाडा तिथंच होता. वाडा म्हणजे घर नव्हे हो, मेंढरांचा तळ: वाघरीचं जाळं, तीन दगडांची चूल, दोन घोडी, आंब्याखाली बिऱ्हाड. सासू आली, धोंडुबाई. हरणाबाईंच्याच वयाची, पायात जाडजूड चपला, हातात पाण्याची कळशी. तिनं आधी चौघांना पाणी दिलं. मग पडलेली कावड बघितली आणि तिला न सांगताच सारं कळलं. धनगराची बाई ती.

"माझ्या मेंढीपायी झालं," ती म्हणाली.

"तुझ्या मेंढीचा काय दोष?" हरणाबाई म्हणाल्या. त्यांची नजर मात्र पलीकडं आंब्याखाली लागली होती. "बाई, ती फांदीला टोपली टांगलीया, ती कशाची?"

"देवाची. बिरोबा हाय, म्हाद्या हाय, सासूच्या येळचा टाक हाय. आमी हलू तसा त्योबी हलतो, घोडीवर बसून."

हरणाबाई कमरेवर हात ठेवून भावापुढं उभ्या राहिल्या.

"आप्पा, एक इचारू? आपलं देऊळ कवा बांधलं?"

"मी बारका असताना."

"आन् कावड?"

"कावड आज्यापास्नं हाय. बा सांगायचा."

"मग देऊळ व्हायच्या आदी ती कुठनं उचलत हुती?"

आप्पासो कावडीकडं बघायला लागले.

"तुला ठावं न्हाई? मला ठावं हाय, मी थोरली हाय तुझ्यापरास. बा ह्याच मुलखात मेंढरं घिऊन असायचा चैताला. वाड्यातला देव टोपलीतनं काढायचा, भंडारा लावायचा आन् तिथनंच उचलायचा. आठ म्हयनं वाडीत हुतं कोन? कुत्रं न्हवतं. मेंढरं बसतील ती आपली वाडी, असं बा म्हनायचा. देऊळ मागनं आलं, आप्पा. नेम आदीचा हाय."

"पर देव दुसऱ्याचा—"

"म्हाद्या दुसऱ्याचा?" हरणाबाईंचा आवाज एवढा चढला की मेंढरांनी माना वर केल्या. "आता त्याला मी काय बोलू का तुला बोलू?"

धोंडुबाई म्हणाली, "दादा, देव माझा लहान हाय, मुठीत मावतोय. पर भंडारा खरा हाय. या."

मग काय, उठले आप्पासो. ते उठले म्हणून सगळं पुढं झालं, हे लक्षात ठेवा. नेम पाळणाऱ्या माणसाला आपलं चुकलं हे म्हणणं सोपं असतं. चुकल्यावरही देव आपल्याला ठेवून घेतो, हे मानणं अवघड. आमचे बुवा म्हणतात ते हेच.

राणीनं घागर धुतली, पताका झटकली. धोंडुबाईनं टोपली उतरवली, घोंगडी अंथरली, तिच्यावर देवांचे टाक मांडले. कावडीला भंडारा लावला, वेळूला, घागरींना, मोरपिसालासुद्धा. नारळ नव्हता. तिनं नुकत्या व्यालेल्या मेंढीजवळचं मूठभर गवत देवापुढं ठेवलं आणि म्हणाली, "हेच हाय आज."

आता उचलायची. आणि सगळे उभे राहिले. आप्पासोंना खांदा देता येत नव्हता, टेकवणारे तेच. ते मुद्दाम पाठ करून उभे राहिले, घोडीच्या पाठीवरची माशी हाकलत. पोरावर डोळ्यांचा भार पडू नये म्हणून. कावड संगमापर्यंत गेली तरी पुढं दहिवडीपर्यंत कोण, हे त्यांनी विचारलं नाही. तेवढं मात्र त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

धनाजीनं खिशातून मोबाईल काढला. बाजूला जाऊन बोलला. तमिळमध्ये बोलला, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. राणी म्हणते, मला वाटलं, हे गाडीचंच काहीतरी विचारतायत. तो परत आला, बूट काढले, एकमेकांत अडकवून पिशवीत टाकले.

"दुकानाचा शेठ काय म्हनला?" तिनं हळूच विचारलं.

"म्हनला, देवाचं पानी भट्टीपरास मोठं. पर येताना परसाद आन."

"आन् तिकीट?"

"तिकिटाला काय, गाडी रोज असती." मग तो देवापुढं वाकला, वेळूखाली खांदा घातला आणि मोठ्यानं म्हणाला, "हर हर महादेव!"

आप्पासोंनी उत्तर दिलं. पण पाठ तशीच ठेवून. पुष्कळ वेळ त्या घोडीवर माशी बसलेली असावी.

पुढची वाट सोपी नव्हती हो. कोरेगावपर्यंत उसाची रानं लागली, सावली मात्र नाही. अनवाणी पायाची सवय गेलेली, धनाजीच्या टाचा पोळल्या, खांदा सोलवटला. पालटायला दुसरा गडी नाही. एका पुलावर तो थांबला, कावड उजवीकडून डावीकडं घेतली, लगेच डावीकडून उजवीकडं. राणीनं पदर खोचला आणि खांदा पुढं केला.

"द्या हिकडं."

तो बापाकडं बघायला लागला. आमच्याकडं बायका कावडीमागं गाणी म्हणत चालतात, खांदा देत नाहीत. आप्पासोंनी तोंड उघडलं.

"नेमात बाईचं नाव हाय व्हय कुठं?" हरणाबाईंनी आधीच विचारलं.

"मी काय बोललो का?" आप्पासो म्हणाले. "नीट घे म्हनत हुतो. वेळूखाली टॉवेल घाल, पोरी, लागंल."

कोरेगाव ओलांडल्यावर मागून हॉर्न वाजला. लालासाहेब! नळी बसवून आला होता, चेहऱ्यावर सगळीकडं काळं.

"आरं, तुमाला थांबा म्हनलं हुतं न्हवं? बसा!"

हरणाबाई बसल्या. आप्पासोंनाही बळंच बसवलं, गुडघा भाकरीसारखा फुगला होता. धनाजी नाही बसला. "धोंडुमावशीच्या वाड्यावरनं पायी उचललीया," म्हणाला, "आता पायीच." राणीही त्याच्याबरोबर. मग लालासाहेबानं जीप कावडीच्या पुढं, माणूस चालेल तेवढ्याच चालीनं घेतली, आणि मागचं दार दोरीनं उघडं बांधलं. आप्पासो त्या दारात पाय सोडून, मागं तोंड करून बसले. अख्खी वाट त्यांनी पुढचा रस्ता बघितला नाही.

माहुलीला पोचले तेव्हा दिवस बुडायला आला होता. घाटाच्या पायऱ्यांवर अजून ऊब होती. धनाजी कावडीसकट कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि घागरी बुडवून वर आला. आता कावडीला वजन आलं होतं. तो पायरीवर थोडा झुकला, सावरला, सरळ झाला. आप्पासो वरून म्हणाले, "जड हाय?"

"हाय की."

"दहिवडीपतुर लय जड वाटंल. मग न्हाई वाटायचं."

"शिखरापतुर हाय मी, आप्पा," धनाजी म्हणाला.

आप्पासोंनी पाण्यात हात धुतले. दुपारपासून त्या बोटांच्या पेरांत मेंढीचं वाळलेलं राहिलंच होतं. मग ते लेकाच्या मागं चालायला लागले, लंगडत, पण गाणं म्हणत.

बघा, पेटीवाल्याला सूर सापडला. बुवा उठतायत. एकच सांगतो आणि गप्प बसतो. धोंडुबाईनं शिंगणापूर अजून बघितलेलं नाही. चैत्रात तिची मेंढरं दुसऱ्याच्या रानात असतात आणि मेंढरांना रजा नसते. तिनं त्या दिवशी कुणाला म्हटलंही नाही की माझ्या नावानं पाणी घाला. तुम्ही कधी शिखरावर गेलात, हातात तांब्या असला, तर थोडं पाणी तिच्यासाठी राखून घाला. नाव नीट आठवणीत ठेवा: धोंडुबाई. गावाचं नाव विचारू नका, आज ती कुठल्या रानात आहे ते मलाही ठाऊक नाही. महादेवाला ठाऊक असेल.